मागच्या मोकळ्या जागेचं लॉन (सोसायटी ग्रुप, लातूर)

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी 🙏 बिल्डिंगच्या मागची दोन गुंठे जागा साफ करून तिथं लॉन करायचं परवाच्या मीटिंगला ठरलं. जेसीबीवाला शनिवारी यायला तयार आहे, अर्ध्या दिवसात सपाट करून देतो म्हणाला. नर्सरीवाला कार्पेट लॉनचा (तयार गवताच्या गाद्या अंथरायच्या) रेट उद्या कळवतो. कुणाला काही सांगायचं असेल तर आजच सांगा.

बी-२०४: एक नंबर! पोरांना खेळायला जागाच नाही. गवत पुरुषभर वाढलंय, त्यापेक्षा पेटवून द्या ना सरळ, जेसीबीचा खर्च वाचंल

ए-३०२ ताई: पेटवू नका प्लीज. मागं घोणस निघाली होती, सर्पमित्राला बोलवावं लागलं होतं ना. आणि कंपाउंडच्या कडेनं केबल गेलीय. जाळून वरचं गवत जाईल, मुळं खाली तशीच राहतात, पहिला पाऊस झाला की परत हजर.

बी-२०४: मग तणनाशक मारू, आमच्या शेतात मारतात की

ए-३०२ ताई: खाली लहान लेकरं खेळतात हो दादा, आणि ग्लायफोसेट ह्या तणनाशकाचं म्हणाल तर २०२२ ला केंद्र सरकारनं नियम काढलाय, पेस्ट कंट्रोलवाल्यांमार्फतच मारायचं म्हणून. जरा सविस्तर लिहिते, कारण हे सगळं मी आधीच्या घरी करून बसलेय आणि पैसे पाण्यात घातलेत. तिथं पण काळीच माती होती. जेसीबीनं सपाट केलं, वर दोन इंच लाल माती टाकली आणि कार्पेट अंथरलं. पंधरा दिवस इतकं देखणं दिसत होतं की येणारा जाणारा थांबून बघायचा. तिसऱ्या आठवड्यात सकाळी चहा घेऊन बाहेर आले तर कार्पेटमधून सुईसारखी टोकं वर आलेली, पोपटी, चकचकीत. लव्हाळा! उपटला की वरचं पातं हातात येतं आणि गाठ खाली राहते. खुरप्यानं वीतभर खणून बघितलं तर एका दोऱ्यात ओवल्यासारख्या काळ्या गाठी, एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. जेसीबीनं काय केलं होतं तर ह्या गाठी तोडून अख्ख्या जागेत पसरवल्या होत्या, जिथं नव्हत्या तिथंपण. दिवाळीपर्यंत कार्पेट गेलं, लव्हाळा राहिला. म्हणून हात जोडून सांगते, मशीन फिरवायची घाई करू नका.

सेक्रेटरी: बरं झालं लिहिलंत. मग करायचं कसं?

सी-१०१ काका: ताई बरोबर बोलायल्यात. मी काल संध्याकाळी मागं जाऊन आलो, चिखल तुडवत सगळं बघितलं. वर दिसतंय ते गाजर गवत, तरोटा, आघाडा, दोन रुईची झाडं आणि कोपऱ्यात वेडी बाभूळ. पण वाकून बघा, त्याच्या खाली सगळीकडं हरळी, म्हणजे आपल्या दूर्वा, पसरलीय. माझं अर्धं आयुष्य रानातल्या हरळीच्या काशा, म्हणजे तिची जमिनीत पसरणारी पेरं, वेचण्यात गेलं, तेव्हा तिच्याइतका दुसरा वैरी नव्हता मला. पण लॉन म्हणून तिच्यासारखं गवत नाही. नर्सरीत सिलेक्शन वन म्हणून विकतात तेही हरळीचंच बारीक पात्याचं वाण आहे. मग विकत कशाला आणायची? आपल्याच जागेत हाय की. उंच वाढणाऱ्या तणाचा कोंब शेंड्याला असतो, सारखं कापलं की त्यातलं बरंचसं दमतं, हरळी जमिनीलगत धावते म्हणून तिला कापलेलं मानवतं, उलट दाट होते. गणपतीत दूर्वा तरी विकत आणाव्या लागणार नाहीत.

सी-२०३: काका पण नुसतं कापून लॉन होतं का? खरंच विचारतेय

सी-१०१ काका: होतं, एका आठवड्यात होत नाही. आत्ता जमीन ओली हाय तोवर गाजर गवत मुळासकट उपटायचं, फुलावर यायच्या आत, एकेका झाडाला हजारो बिया असतात. हातमोजे पाहिजेतच, त्यानं अंगाला खाज सुटते, दम्याचा त्रास असणाऱ्यांनी तर लांबच राहा. रुई आणि बाभूळ टिकावानं मुळातून काढायची. नंतर दगड, विटांचे तुकडे, काचा वेचायच्या, बांधकामाचा राडा खूप पडलाय तिथं. मग ग्रास कटरनं पहिली कापणी उंच ठेवूनच, चार बोटं तरी. एकदम बुडापासून खरवडलं तर हरळीपण दमते. एका वेळी पात्याचा तिसरा हिस्सा, त्याच्यावर नाही. पावसाळ्यात दर दहा-बारा दिवसांनी.

ए-३०२ ताई: आणि जिथं लव्हाळा दिसतोय तो तुकडा खुणा करून वेगळा ठेवू. ओला असताना खणून गाठी हातानं काढायच्या, आठ दहा दिवस थांबायचं, परत कोंब येतील, परत काढायच्या. असं तीन चार वेळा. तो तुकडा निवळल्याशिवाय तिथं काहीच लावायचं नाही.

बी-४०१: पाण्याचं काय?? बोअर मार्चमध्येच आटतोय, टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये येतं. लॉनला पाणी घालायचं आणि आम्ही बादल्या मोजायच्या का

ए-३०२ ताई: तुमचं म्हणणं शंभर टक्के खरंय आणि हा मुद्दा आधी यायला पाहिजे होता. हिशोब सांगते. दोन गुंठे म्हणजे दोनशे चौरस मीटर धरा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर दिलं तरी हजार लिटर झाले, म्हणजे दहा हजाराचा टँकर दहा दिवसांत संपणार. २०१६ च्या एप्रिलला आपल्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलंय, त्या गावात पिण्याचं पाणी गवताला घालणं मला तरी पटत नाही. म्हणूनच हरळी. उन्हाळ्यात ती वाळून पिवळी पडते पण काशा जिवंत असतात, मृगाचा पाऊस पडला की आठवड्याभरात परत हिरवी. मार्च ते मे पिवळी राहू द्यायची, हे आजच सगळ्यांनी मान्य करा, नाहीतर एप्रिलमध्ये कुणीतरी पाईप लावेल.

बी-४०१: हे मान्य. मग माझी हरकत नाही

सी-२०३: आरओचं वेस्ट पाणी चालतं का?

सी-१०१ काका: रोज तेच नको. त्यात क्षार असतात, काळ्या रानात क्षार साचला की जमीन दगडासारखी होते. अधूनमधून चालंल.

सेक्रेटरी: आणि लेव्हल? पाणी भिंतीपाशी साचतं

सी-१०१ काका: उतार बिल्डिंगपासून लांब, कंपाउंडच्या नाल्याकडं. शंभर फुटाला एक फूट पुरे. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगा पडतात, त्यानंच भिंतीकडच्या फरश्या उचलल्यात. खड्ड्यांत मुरूम नको, लाल माती आणि कुजलेलं शेणखत मिसळून भरू. कच्चं खत आणलं तर त्यातून नवीन तण येतं. मोकळ्या पॅचमध्ये कडेच्या हरळीच्या काशा वीतभर तोडून चार चार बोटांवर टोचायच्या आणि पायानं दाबायच्या. कडुलिंबाखाली हरळी येणार नाही, तिला ऊन लागतं, तिथं पालापाचोळाच राहू द्या आणि दोन बाकडी टाका, म्हाताऱ्यांची सोय होईल.

बी-२०४: मग पोरांना खेळायला कधी

सी-१०१ काका: दसऱ्याला अनवाणी चालाल. क्रिकेट मात्र पुढच्या पावसाळ्यानंतर.

सेक्रेटरी: ठीक. जेसीबी कॅन्सल करतो, कार्पेटवाल्यालाही नको म्हणून सांगतो. रविवारी सकाळी सात वाजता, प्रत्येक घरातून एक माणूस, बूट घालूनच या. आधी काठीनं गवत हलवून बघू, साप असला तर सर्पमित्राला फोन. हातमोजे सोसायटीच्या खर्चातून आणतो. खुरपी कुणाकडं आहेत?

सी-१०१ काका: माझ्याकडं चार, गावाकडून अजून सहा मागवतो.

बी-४०१: टिकाव आणि दोन घमेली माझी.

ए-३०२ ताई: लव्हाळ्याच्या गाठींसाठी वेगळी बादली ठेवा, कंपोस्टच्या खड्ड्यात एकही टाकू नका. बादली मी आणते.