तुळशीचं लगीन झालं की कोकण जागं होतं: तुमचा अनुभव सांगा

परतीचा पाऊस गेला, भात कापून झालं, अंगण सारवून झालं की आपल्याकडे जे सुरू होतं त्याबद्दल हा धागा. नवरात्रापासून कार्तिकातल्या जत्रांपर्यंत काहीही चालेल, भोंडला, नरकासुर, धयकालो (आपलं दशावतारी नाटक), चित्रकथी, तारपा. एकच विनंती, नुसतं लांबून बघितलेलं नको. जिथे तुम्ही स्वतः हात लावलात, रात्र काढलीत, काहीतरी उचललंत ते सांगा. लहान असलं तरी चालेल. वर आपलं गाव लिहा आणि खाली अनुभव, माझ्यापासून सुरुवात करते.

कुडाळ

मी सातवीत असेन. आमच्या गावच्या जत्रेला दशावतार असायचा, तसा तो दरवर्षी असतोच, पण त्या वर्षी आजोबांनी मला देवळामागच्या पडवीत रंगपटाकडे, म्हणजे कलाकार रंगतात तिथे, पाण्याचा तांब्या घेऊन पाठवलं. तिथे बल्बखाली सगळे कलाकार मांडी घालून बसलेले, प्रत्येकाच्या पुढ्यात आपला आरसा, सफेदा, कुंकू, काजळ. दुपारी आमच्या ओटीवर जेवताना ज्यांना मी काका म्हणून भाकरी वाढली होती तेच काका आता पार्वती होत होते, आधी मिशीची जागा दोनदा सफेद्याने झाकली, मग भुवई काढताना डोळा अर्धा मिटून मला म्हणाले, "गो बाय, आरसो जरासो वर धर." मी धरला, हात भरून आले तरी हलले नाही. नंतर त्यांनी नऊवारीचा काष्टा मारला, अंबाडा बसवला, उठून उभे राहिले आणि चाल बदलली. बोलणंसुद्धा बदललं. त्यांना काका म्हणायला माझी जीभच वळेना.

आधी गणपती, रिद्धीसिद्धी, मग तो काळाकुट्ट राक्षस संकासुर आणि त्याचं मालवणी बोलणं, पोरं हसून लोळायची, आणि त्यानंतर मुख्य आख्यान. लिखित संहिता नसते हे मला तेव्हा माहीतच नव्हतं! आख्यान ठरतं, कोण काय करणार ते ठरतं, आणि दोन राजे समोरासमोर उभे राहून जे बोलतात ते त्या रात्रीचं, दुसऱ्या गावात तेच शब्द येत नाहीत. बाजूला पायपेटी (पायाने भाता मारायची पेटी), पखवाज, झांज, बस्स. आजोबा सांगायचे की त्यांच्या लहानपणी मंडळी पेटारे डोक्यावर घेऊन या गावातून त्या गावात चालत यायची, दिवसा झोप आणि रात्री नाटक. आता टेम्पो आहे, बाकी जागरण तेच.

वेंगुर्ला

आमचा नरकासुर, नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळायचा पुतळा. दसरा झाला की वाडीतली मुलं बांबू शोधायला लागतात. पंधरा फुटांचा सांगाडा, आत गवत, वर जुन्या पेपरचे थर, मैद्याची खळ करून चिकटवलेले. मी अनेक वर्षं तोंड रंगवलं, डोळे माझे ठरलेले, दात दुसरा एक मित्र काढायचा. एका वर्षी आदल्या संध्याकाळी अशी सर आली की खांद्यापासून हात गळून पडला, कागद लगदा झाला, धाकटी पोरं रडायलाच लागली. मग बायका बाहेर आल्या. माझ्या आईने घरातली जुनी साडी आणली, शेजारच्या काकीने गोणपाट आणलं, रात्री दोनपर्यंत पेट्रोमॅक्सच्या उजेडात सगळी वाडी हात शिवत होती. हात थोडा वाकडा बसला. पण पहाटे मिरवणुकीत तोच हात तलवार धरून वर होता आणि आई रस्त्याच्या कडेला उभी राहून फक्त त्या हाताकडे बघत होती.

मग जाळला, घरी येऊन अभ्यंगस्नान, तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट, ते छोटं कडू फळ, फोडलं, आणि पोहे. गोडे पोहे, ताकातले, बटाट्याचे, नव्या भाताचे. त्या चवीचं मी काय सांगू. आता स्पर्धा मोठ्या झाल्यात, स्पीकरच्या भिंती आल्यात, मला ते अजिबात आवडत नाही, छातीत धडधडतं आणि म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. खळ करणारी मुलं मात्र अजून आहेत.

अलिबाग

आमच्याकडे कार्तिकात वरसोलीची जत्रा. लहानपणी दरवर्षी वडिलांच्या खांद्यावर बसून गेले, यंदा वडिलांचा हात धरून गेले, गर्दीत त्यांना पाळण्यांपासून लांब सावकाश चालवत नेलं, विठोबाच्या पायरीशी बसवलं. एवढंच.

डहाणू

मी मूळची रत्नागिरीची, शिक्षिका म्हणून इकडे आले. वारली चित्रातला तो माणसांचा फिरता गोल मला कॅलेंडरवरून माहीत होता, जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पेपरात त्यांचा फोटोही पाहिला होता. पण तो गोल ऐकायचा असतो हे पाड्यावर गेल्यावर कळलं. भात तयार झालं होतं, पण नव्या भाताचा पहिला मान कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला, तिला दाखवल्याशिवाय घरात कोणी खात नाही. रात्री अंगणात तारपा निघाला. वाळलेला दुधी, बांबूच्या नळ्या, मेण आणि पुढे ताडाच्या पानाचा लांब भोंगा. वाजवणारे आजोबा गाल फुगवून फुंकत होते आणि त्याच वेळी नाकाने श्वास घेत होते त्यामुळे सूर एकदाही तुटला नाही, मी घड्याळ बघायचं विसरून गेले. माझ्या वर्गातली एक मुलगी आली, माझा हात धरून स्वतःच्या कमरेवर ठेवला आणि म्हणाली, "बाई, तारप्याकडे पाठ करायची नाय हां." वर्गात ती कधी तोंड उघडायची नाही. त्या रात्री पाऊल कुठे टाकायचं, कधी वळायचं हे सगळं तिनेच मला शिकवलं, आणि मी चुकले की कमरेवरचा माझा हात हलकेच दाबायची.

दापोली

हस्त नक्षत्र लागलं की भोंडला. पाटावर खडूने हत्ती काढायचा, कडेने फेर धरायचा. आमच्या कॉलनीत दहाबारा वर्षं बंद पडला होता. आई गेल्यावर कपाट आवरताना तिची वही सापडली, शाळेच्या वहीवर शाईने लिहिलेली गाणी, काही ओळींपुढे कंसात माझ्या मावशीचं नाव, म्हणजे ही ओळ तिच्याकडून आली. तीच वही घेऊन मी चार घरी गेले, पहिल्या दिवशी सहा जणी, शेवटच्या दिवशी तिसाच्या वर. खिरापत ओळखायची म्हणजे डबा हलवून आवाज ऐकायचा, मी मुद्दाम आईची आवडती ओल्या नारळाची करंजी केली होती, आवाजच येईना, कोणाला ओळखता आली नाही. दोन मुलींनी वहीचे फोटो काढून घेतले, कंसातल्या नावांसकट.

पिंगुळीला जाऊन आलेला, मालवण

ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली त्यांचं पिंगुळी हे गाव, त्यांनी गोठ्यात संग्रहालय उभं केलं, बाहुल्या, पोथ्या, वाद्यं सगळं तिथे आहे. एकेका आख्यानाची चित्रं क्रमाने ठेवलेली असतात त्यालाच पोथी म्हणतात, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. सांगणारा एकेक चित्र उभं धरतो आणि गात सांगतो, साथीला वीणा, टाळ आणि हुडूक हे छोटं चर्मवाद्य. पूर्वी नवरात्रात देवळातून हे सादर करण्याचा मान या घरांकडे होता. मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला नेलं होतं, घरी तो दहा मिनिटं एका जागी बसत नाही. तिथे बसला. रावण आला तेव्हा माझ्या शर्टाची बाही घट्ट धरली. निघताना त्याला हुडूक हातात धरायला दिला, त्याने एकदाच वाजवला आणि फार जपून परत दिला. घरी आल्यावर कॅलेंडरच्या मागच्या बाजूला आठ चित्रं काढून, जोड्या लावून, गोंदाने पाठीला पाठ चिकटवली.

सावंतवाडी, आता डोंबिवली

सोनुर्लीच्या माऊली देवीची लोटांगणाची जत्रा. रजा मिळत नव्हती तरी गेलो, रात्रीच्या गाडीने, उभ्याने. बहिणीचं आजारपण सरलं होतं, नवस फेडायचा होता. लोटांगण घालताना दगड, माती, पाणी सगळं अंगाला लागतं, आजूबाजूला शेकडो माणसं तशीच, माझ्या पुढे एक म्हातारे आजोबा होते, ते थांबले की मी थांबायचो. शेवटी उठताना पाय थरथरले तर त्यांनीच मला हात दिला, "झाला मा? चल, च्या घेवया" म्हणाले. नाव विचारायचं राहिलं. मग मंडपाच्या कडेला चिखलाने भरलेल्या कपड्यांनिशी दोघं चहा घेत बसलो, बहीण लांबून आम्हाला शोधत येत होती, तिच्या पायात नवीन चपला होत्या आणि ती स्वतःच्या पायाने चालत येत होती.