चार रात्रींची शहर-सहल: हॉटेल मध्यात घ्यावं की लांब?

(सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा; नावांच्या जागी फ्लॅटचे नंबर)

बी-३०४: नमस्कार सगळ्यांना. जरा सल्ला हवा होता. चार रात्रींसाठी युरोपातलं एखादं शहर बघून यायचं आहे. आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई. लंडन, पॅरिस, बर्लिन अशी चर्चा घरात चालू आहे, पक्कं काही नाही. गाडी अडली आहे ती हॉटेलवर. मध्यवर्ती भागातले दर बघून धस्स होतं, आणि लांबचं घ्यावं तर रोज टॅक्सी करावी लागेल असं वाटतं. टूरबरोबर जायचं नाही. जे स्वतःचं स्वतः जाऊन आलेत त्यांनी सांगा ना.

ए-४०६: ताई, टॅक्सी डोक्यातून काढूनच टाका. तिन्ही शहरांत मेट्रो आणि बसचं जाळं इतकं दाट आहे की चार दिवसांत टॅक्सीची गरज पडलीच तर एकदा, सामानासकट.

सी-५०१: हॉटेलचे दर नंतर बघ, आधी मेट्रोचा नकाशा उघड. जे बघायचंच आहे अशा चार-पाच जागा त्यावर खुणावून ठेव. त्यातल्या बऱ्याच एका-दोन लाइनींच्या आसपासच निघतील. मग त्यातल्या एका लाइनीवर मध्यापासून सहा-सात स्टेशनं बाहेर सरक आणि तिथे स्टेशनपासून पायी पाच-सात मिनिटांत काय मिळतं ते बघ. दोनदा लाइन बदलून पोचावं लागणाऱ्या जवळच्या हॉटेलपेक्षा सरळ एका गाडीनं पोचणारं लांबचं हॉटेल कधीही चांगलं. संध्याकाळी दमून परतताना हे फार जाणवतं, आणि तुझ्याबरोबर तर सासूबाई आहेत.

बी-३०४: पण मावशी, लांब राहिलं की रोजचं भाडं वाढणार ना? चौघांचं, येऊन-जाऊन.

ए-१०२: ते शहरागणिक वेगळं आहे, आणि बरीच माणसं तिथेच चुकतात. लंडनमध्ये झोन आहेत, १ ते ९. मधला १, बाहेर जाल तसा आकडा आणि भाडं चढत जातं. म्हणून तिथे २ किंवा ३ मध्ये राहणं परवडतं, ५-६ मध्ये गेलात तर वाचलेले पैसे भाड्यात जातात. बर्लिनमध्ये ए, बी, सी असे तीनच भाग. बहुतेक बघण्यासारखं ए-बी मध्ये, पण विमानतळ सी मध्ये. उतरल्या उतरल्या एबी तिकीट घेऊन बसलात आणि तपासनीस आला तर दंड. पॅरिसमध्ये जानेवारी २०२५ पासून मेट्रो आणि आरईआर म्हणजे उपनगरी गाड्यांना अख्ख्या प्रदेशात एकच भाडं केलं आहे, विमानतळाचं तिकीट तेवढं वेगळं. न्यू यॉर्कच्या सबवेत, म्हणजे तिथल्या मेट्रोत तर अंतर मोजतच नाहीत, एक स्टेशन जा नाहीतर तीस. अशा ठिकाणी लांब राहिल्याचा भाड्यात काहीच तोटा नाही, फक्त वेळ जातो.

ए-४०६: काका, हे झोनचं मला आधी कोणी सांगायला हवं होतं.

सी-५०१: वेळेचंही सांगते, कारण मी त्यात पोळले आहे. एका शहरात आम्ही खूप स्वस्त हॉटेल घेतलं. नाव घेत नाही. जाहिरातीत लिहिलं होतं, केंद्रापासून चार किलोमीटर. खोटं नव्हतं, पण ते कावळा उडेल तसं सरळ रेषेतलं अंतर. मध्ये रेल्वेचं मोठं यार्ड होतं आणि त्याला वळसा घालून जावं लागे. हॉटेलसमोर बसथांबा होता, दिवसा दर दहा मिनिटांनी बस. संध्याकाळी आठनंतर तीच बस चाळीस मिनिटांनी. दुसऱ्या दिवशी रात्री आम्ही दोघं आणि आई थंडीत त्या थांब्यावर उभे होतो. आई काही बोलली नाही, पण तिसऱ्या दिवशी ती बाहेरच पडली नाही. खोलीवर थांबते म्हणाली. त्या दिवसाचं मला अजून वाईट वाटतं. खोलीत चार पैसे वाचवले आणि आईचा एक दिवस घालवला.

तेव्हापासून बुकिंग करण्याआधी मी एक गोष्ट न चुकता करते. नकाशाच्या ॲपमध्ये निघायची वेळ बदलून बघते. मंगळवारी सकाळी नऊ, मग रविवारी रात्री साडेदहा. शहराच्या मध्यापासून हॉटेलच्या दारापर्यंत. रविवारी रात्रीचं उत्तर पन्नास मिनिटं आलं तर ते हॉटेल सोडून देते, कितीही स्वस्त असो.

बी-३०४: हे मला सुचलंच नसतं मावशी. आजच बघते.

ए-१०२: शेवटची गाडी किती वाजता तेही बघा. टोकियोसारख्या शहरातही मध्यरात्रीनंतर गाड्या बंद होतात, पहाटेपर्यंत काही नाही. लंडनमध्ये शुक्रवार-शनिवारी रात्रभर ट्यूब, म्हणजे तिथली मेट्रो, चालते, पण काही लाइनींवरच. बर्लिनची मेट्रो त्या दोन रात्री जवळपास सगळी चालू असते.

ए-२०३: मी मध्येच बोलते. माझ्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत, म्हणून जिन्याचं सांगते. बी-३०४, सासूबाईंना जिने जमतात का?

बी-३०४: एक मजला जमतो काकू. त्यावर नाही.

ए-२०३: मग मेट्रोच्या नकाशावर लिफ्टची खूण बघायचीच. पॅरिसची मेट्रो जुनी, १९०० सालची. पूर्ण लिफ्टची लाइन एकच आहे, १४ नंबरची. बाकी ठिकाणी जिने, आणि लाइन बदलताना लांबलचक बोगदे. आम्ही तिथे मेट्रो सोडली आणि बसनं फिरलो. बसला पायरी चढावी लागत नाही, बसायला जागा मिळते आणि शहर दिसतं. मला ते जास्त आवडलं. लंडनमध्येही ट्यूबच्या साधारण एक तृतीयांश स्टेशनांवरच रस्त्यापासून फलाटापर्यंत विनाजिना जाता येतं. पण तिथली एलिझाबेथ लाइन २०२२ मध्ये मध्यभागातून सुरू झाली, तिच्या सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट किंवा सपाट रस्ता आहे.

सी-५०१: काकू, अगदी मोलाचं बोललात. हॉटेलजवळचं स्टेशन आणि रोज उतरायची स्टेशनं, दोन्हीकडे लिफ्ट हवी. एकीकडेच असून भागत नाही.

ए-४०६: आता पासचं. मी पॅरिसला गुरुवारी पोचलो आणि सरळ आठवड्याचा पास घेतला. तो सोमवार ते रविवार चालतो, घेतल्या दिवसापासून सात दिवस नाही. चारच दिवस मिळाले. त्यामुळे पास घेताना विचारायचं, तास पहिल्या वापरापासून मोजतात की कॅलेंडरप्रमाणे. टोकियोत २४, ४८ आणि ७२ तासांचं सबवे तिकीट आहे, ते पहिल्या वापरापासून मोजतात. पण ते दोन सबवे कंपन्यांच्या गाड्यांवरच चालतं. यामानोते ही गोल फिरणारी लाइन जेआर या वेगळ्या रेल्वे कंपनीची, तिला ते लागू नाही.

ए-१०२: लंडनमध्ये पासच्या भानगडीत पडू नका. बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड आत जाताना आणि बाहेर पडताना टेकवायचं. दिवसभरात ठरावीक रकमेपर्यंतच पैसे कापतात, त्यापुढचे प्रवास त्यातच. बसला फक्त चढताना टेकवायचं. बसमध्ये रोख घेत नाहीत, २०१४ पासून बंद आहे. आणि पहिल्या बसला कार्ड टेकवल्यापासून तासाभरात दुसरी बस पकडली तर तिचं भाडं लागत नाही.

बी-३०४: एका कार्डावर चौघं जाऊ शकतो का?

ए-१०२: नाही. मोठ्या माणसाला प्रत्येकी वेगळं कार्ड. लेक अकराच्या आतली आहे ना, ट्यूबमध्ये ती तुमच्याबरोबर फुकट. आणखी एक. आत जाताना फोन टेकवला तर बाहेर पडतानाही फोनच. आत फोन आणि बाहेर कार्ड असं केलं तर यंत्राला ती दोन वेगळी माणसं वाटतात, दोघांचाही प्रवास अपुरा धरला जातो आणि दोन्हीकडून जास्तीचं भाडं जातं. फोनमध्ये तेच कार्ड असलं तरीसुद्धा.

सी-५०१: सासूबाईंकडे कार्ड नसेल तर त्यांच्यासाठी ऑयस्टर कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड घे, तिथे स्टेशनवर मिळतं.

ए-४०६: ताई, स्वित्झर्लंडमधल्या काही शहरांत एक छान सोय आहे. जिनिव्हा किंवा बाझेलला हॉटेलात उतरलं की मुक्कामापुरता शहरातल्या बस-ट्रामचा पास हॉटेलच देतं, वेगळे पैसे नाहीत. तिथे खोली महाग दिसते, पण भाडं त्यातच धरायला हवं.

बी-३०४: म्हणजे खोलीचा दर एकटा बघायचाच नाही.

सी-५०१: हो, तेच सांगतेय कधीची. एक तक्ता कर. खोलीचा दर, त्यावरचा शहराचा कर, चौघांचं रोजचं भाडं, विमानतळावरून येण्याजाण्याचा खर्च, आणि शेवटच्या रकान्यात दारापासून दारापर्यंतची मिनिटं. कर विसरू नकोस. ॲमस्टरडॅममध्ये २०२४ पासून खोलीच्या दराच्या साडेबारा टक्के आहे, बर्लिनमध्येही आहे. कितीतरी शहरांत तो माणशी, रात्रीमागे, हॉटेलच्या काउंटरवर भरायचा असतो, बुकिंगच्या आकड्यात धरलेला नसतो.

ए-१०२: विमानतळाचं तर विशेष बघा. स्वस्त विमानं कुठे उतरतात ते. पॅरिस-बोव्हे नाव आहे, पण ते पॅरिसपासून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर लांब. फ्रँकफर्ट-हान तर शंभराच्याही पुढे.

ए-२०३: आणि तारखा. आमच्या वेळी ऑक्टोबरमध्ये फ्रँकफर्टला पुस्तकांचा मेळा होता, आम्हाला पत्ताच नव्हता. दुप्पट दर दिला. एडिंबरात ऑगस्टभर महोत्सव असतो, तेव्हाही तसंच.

सी-५०१: ज्या भागात नुसती ऑफिसं आहेत तिथल्या हॉटेलांचे दर शनिवार-रविवारी उतरतात, कारण कामाला येणारी माणसं नसतात. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यापीठांची वसतिगृहं पाहुण्यांना खोल्या देतात. लंडनमध्ये हे खूप चालतं. खोली साधी, पण स्वच्छ आणि मोक्याच्या जागी.

(तीन दिवसांनी)

बी-३०४: तक्ता केला. अकरा हॉटेलं लिहिली होती. दरानं पहिल्या नंबरवर असलेलं हॉटेल सगळं मिळवल्यावर सातवं आलं. लंडन ठरवलं आहे, आणि स्ट्रॅटफर्ड भाग. झोन २-३ ची हद्द, स्टेशनवर लिफ्ट, हीथ्रो विमानतळाहून एलिझाबेथ लाइननं जास्तीत जास्त एकदा गाडी बदलून. ज्युबिली लाइननं वेस्टमिन्स्टर थेट, तिथेही लिफ्ट आहे. ब्रिटिश म्युझियमसाठी टॉटनहॅम कोर्ट रोड, तेही एलिझाबेथवरच. रविवारी रात्री साडेदहाचं बघितलं, वेस्टमिन्स्टरपासून हॉटेलच्या दारापर्यंत पस्तीस मिनिटं.

ए-२०३: फार छान निवडलंस गं. सासूबाईंना एकदा दुमजली बसमध्ये खालच्या मजल्यावर खिडकीशी बसव.

सी-५०१: खोली रद्द करता येणाऱ्या दरानंच घे, थोडी महाग पडली तरी. आणि जायच्या आठवड्यात एकदा ट्यूबच्या साइटवर शनिवार-रविवारची कामं बघ. रुळांच्या दुरुस्तीसाठी तिथे लाइनी बंद ठेवतात. त्या दिवशी ज्युबिली बंद असेल तर एलिझाबेथनं जायच्या जागा त्या दिवसावर घे.

बी-३०४: घेते मावशी. शनिवारच्या रकान्यात लिहून ठेवलं.