मदत हवी आहे: पोस्टग्रेसवरच्या टेस्ट आपोआप मिळणाऱ्या आयडीपासून कशा सोडवाव्यात?

नमस्कार मंडळी,

बेळगावात आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करतो. खानापूर, चिकोडी, निपाणी भागातल्या सोसायट्या ते वापरतात. सोसायटी, सभासद, रोजचं संकलन (सकाळ-संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि बिल ही मुख्य टेबलं. आयडी (प्रत्येक ओळीचा वेगळा नंबर) सगळीकडे डेटाबेसच, म्हणजे पोस्टग्रेस, देतो.

आधीपासूनच्या टेस्टची (कोड बरोबर चालतो का ते आपोआप तपासणाऱ्या प्रोग्रामची) पद्धत अशी आहे: सभासद घालायचा आणि लगेच 'आयडी १ च्या खात्यावर ६.५ लिटर' असं तपासायचं. कोऱ्या डेटाबेसवर टेस्ट एकटी चालवली की पास. सगळ्या एकत्र सोडल्या की कुठली पडेल याचा नेम नाही. प्रत्येक टेस्टनंतर रोलबॅक होतो, म्हणजे केलेले बदल रद्द होतात, पण त्यात फक्त ओळी मागे जातात. सिक्वेन्स (आयडीसाठी पुढचा नंबर देणारी डेटाबेसमधली सोय) दिलेला नंबर परत घेत नाही.

ट्रंकेट करून (टेबल पूर्ण रिकामं करून) रिस्टार्ट आयडेंटिटी (सिक्वेन्स पुन्हा सुरुवातीपासून) लावून पाहिलं. चालतं, पण त्यासाठी टेबलावर पूर्ण लॉक लागतो (तोवर दुसरं कुणी ते टेबल वापरू शकत नाही), त्यामुळे टेस्ट समांतर चालवता येत नाहीत. नमुना डेटात आयडी हातानं १, २, ३ असे दिले, तर सिक्वेन्सला त्याचा पत्ताच नसतो. पुढची साधी नोंद पुन्हा १ मागते आणि डुप्लिकेट कीची एरर येते.

नावावरून शोधावं म्हटलं तर आमच्या भागात तेही जमत नाही. एकाच गावात एकाच नावाचे दोन-तीन पाटील असतात, शिवाय काही रजिस्टरांत नावं कन्नड लिपीत, काहींत देवनागरीत. मग तपासायचं कशावरून? बिलं शेतकऱ्यांच्या हातात जातात, म्हणून टेस्टवर विसंबता आलंच पाहिजे. कृपया मार्ग सुचवा.

प्रतिसाद १

पासबुकावर सभासद क्रमांक असतो ना? तो एका सोसायटीपुरता वेगळा असतो. म्हणजे सोसायटी कोड आणि सभासद क्रमांक ही जोडी घ्या आणि तिच्यावर युनिक बंधन (तीच जोडी दोनदा येऊ न देणारं) घाला. टेस्टमध्ये याच जोडीनं शोधा. आयडी लागलाच तर इन्सर्टला (ओळ घालण्याच्या आदेशाला) रिटर्निंग जोडून तो व्हेरिएबलमध्ये घ्या. टेस्टच्या कोडमध्ये आकडा लिहायचाच नाही.

आणि रिपोर्ट आयडीच्या क्रमानं येईल असं धरू नका. ऑर्डर बाय तारीख, वेळ, सभासद क्रमांक असं स्पष्ट लिहा.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, फक्त एक धोका सांगतो. अपेक्षित निकालाच्या फाइलशी तुलना करताना बरेच जण आयडीचे कॉलम सरळ वगळतात. तसं केलं की नातंच तपासायचं राहतं. समजा संकलनाची नोंद एकाची आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यावर गेले, तरी टेस्ट पासच होणार. त्याऐवजी निकाल आधी ठरलेल्या क्रमानं लावा, मग पहिल्यांदा दिसेल तो आयडी 'सभासद-क', दुसरा 'सभासद-ख' असं बदलत जा. तोच आयडी बिलात आला की तिथंही 'सभासद-क'च यायला हवं. आकडा जातो, नातं राहतं.

दुसरं म्हणजे टेस्टचा डेटाबेस बनवतानाच सिक्वेन्स वेगवेगळ्या आकड्यांवरून सुरू करा: सोसायटी १००० पासून, सभासद ५०,००० पासून, संकलन ९,००,००० पासून. कोऱ्या डेटाबेसमध्ये सोसायटीही १ आणि सभासदही १, त्यामुळे क्वेरीत दोन्ही आयडींची अदलाबदल झाली तरी कुणाला कळत नाही. ही चूक प्रत्यक्ष सोसायटीत गेल्यावरच उघडी पडते. सुरुवात वेगळी ठेवली की टेस्ट लगेच पडते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. 'सभासद-क' वालं आजच बिलाच्या टेस्टला लावतो. वेगळ्या सुरुवातीचं तर डोक्यातच आलं नव्हतं.

आता एकच अडलंय. पावती क्रमांकही आम्ही सिक्वेन्समधूनच घेतो. तो छापला जातो, तेव्हा टेस्टमध्ये तपासायलाच हवा ना?

प्रतिसाद २

हवाच, पण मग तो सिक्वेन्समधून घेऊ नका. रोलबॅक झाला की मधला नंबर गळतो आणि ऑडिटवेळी गाळलेली पावती कुठं गेली असं विचारतात. सोसायटी आणि आर्थिक वर्ष यांची एक ओळ असलेलं वेगळं टेबल करा. पावतीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या बदलांत) तिथला आकडा अपडेट करून घ्या. ती ओळ कमिटपर्यंत, म्हणजे बदल पक्के होईपर्यंत, लॉक राहते, आणि रोलबॅक झाला तर आकडाही मागे येतो. एका सोसायटीच्या पावत्या एकापाठोपाठ निघतील, पण एका केंद्रावर तेवढं चालतं. अशी टेस्ट प्रत्येक वेळी नवी सोसायटी घालून चालवलीत, तर तिथं पावती क्रमांक १ बिनधास्त तपासा.