आईसाठी गावात कुठल्या कंपनीचं सिम? (राजापूर तालुका, सड्याखालची वाडी)

तुळशीपाशी_रेंज

नमस्कार मंडळी. माझी आई, वय ७६, राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी एकटी राहते. मी डोंबिवलीला असते. आमची वाडी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर नाही, सड्याच्या पोटाशी खाली आहे. तीन बाजूंना उतार, चौथ्या बाजूला पऱ्या, म्हणजे ओढा. घर जांभ्या चिऱ्याचं, भिंती दीड फुटाच्या. आईकडे साधा बटणांचा फोन. त्यातल्या सिमला रेंज येते ती फक्त खळ्यात, तुळशीपाशी. पाऊस लागला की तीही नाही.

मागच्या जुलैत आई मागच्या पडवीत घसरून पडली. मनगट मोडलं. फोन कमरेला खोचलेला होता, पण रेंज नाही. शेजारच्या वहिनी दूध घेऊन आल्या तेव्हा कळलं, तोवर दीड तास झाला होता. त्यांचा मुलगा मोटरसायकल काढून सड्यावर गेला आणि तिथून मला फोन केला. तो दीड तास माझ्या डोक्यातून जात नाही.

कंपनी बदलायची हे पक्कं. नंबर तोच ठेवायचाय, कारण बँक, गॅस, आधार सगळं त्यालाच जोडलेलं. सिम मी डोंबिवलीत घेतलेलं आहे, आईच्याच नावावर. इंटरनेट तिला नको. माजघरात बसली असताना फोन लागला पाहिजे आणि पुन्हा कधी पडली तर पडल्या जागेवरून तिला करता आला पाहिजे, एवढंच. वाडीत ज्याला विचारावं तो आपापल्या सिमचं नाव सांगतो. कोकणात ज्यांचं घर आहे त्यांनी कृपया अनुभव सांगा.

काजूची_बाग

आमच्याकडे लांज्याच्या बाजूला जिओ चांगलं चालतं. पण ताई, जिओला टूजी-थ्रीजी नाहीच. आईंचा फोन जुना टूजी असेल तर सिम घालूनही काही उपयोग नाही, फोरजीवाला बटणांचा फोन घ्यावा लागेल. मी बाबांसाठी आधी सिम आणलं आणि हे नंतर कळलं. तालुक्याला दुसरी फेरी पडली, त्यात पावसाचे दिवस.

घाटमाथा

बीएसएनएलचाही विचार करा. त्यांचं स्वदेशी फोरजी सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर सुरू झालं. पूर्वीच्या अनुभवावरून लगेच नाही म्हणू नका. फक्त ते फोरजी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर आहे. लांब पोचणारं ७०० वालं, आणि बऱ्याच जुन्या फोनमध्ये ७०० चा बँड, म्हणजे बँड २८, नसतो. फोन घेताना खोक्यावर बघून घ्या.

टॉवरवाले_काका

ताई, मी अकरा वर्षं आपल्याच जिल्ह्यात टॉवरच्या देखभालीचं काम केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गावात कुठली कंपनी चांगली, हे विचारूच नका. आईंच्या खाटेपाशी कुठली पोचते, एवढंच बघा. सड्यावरच्या टॉवरची रेंज सड्यावर लांबवर जाते, पण कडेवरून खाली नीट उतरत नाही. टॉवर अर्ध्या किलोमीटरवर असला तरी मध्ये सड्याची कड आली की खालच्या घराला त्याचा उपयोग शून्य. उलट समोरच्या डोंगरावरचा चार-पाच किलोमीटरवरचा टॉवर थेट नजरेत असेल तर तोच तुमच्या कामाचा. रात्री खळ्यात उभं राहून सगळीकडे नजर फिरवा. टॉवरचा लाल दिवा कुठे दिसतो का बघा.

मग लहरींचं. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून आत शिरतात. १८००, २१००, २३०० च्या दीड फुटाच्या चिऱ्यापुढे थकतात. जिओकडे ८५० आहे, एअरटेल आणि व्हीआयकडेही अशा लांब जाणाऱ्या लहरी आहेत, बीएसएनएलचं वर आलंच आहे. पण प्रत्येक टॉवरवर प्रत्येक लहर लावलेली असतेच असं नाही. त्यामुळे मोजण्याला पर्याय नाही.

मोजायचं असं: अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग, फोनविषयी, सिम स्टेटस, तिथे सिग्नल स्ट्रेंथ. उणे आकडा दिसेल. उणे ९५ च्या आसपास असेल तर निवांत बोला. उणे ११० ला आवाज तुटायला लागतो. उणे ११८-१२० म्हणजे भरवसा नाही. काड्या बघू नका, दोन फोनच्या काड्यांचा हिशोब सारखा नसतो.

नवीन सिमं विकत घेत बसू नका. गणपतीला चाकरमानी येतील तेव्हा सगळ्या कंपन्यांची सिमं आपसूक वाडीत येतात. तेव्हा मोजा. त्या दिवसांत गर्दीने इंटरनेट रडतं, त्यावरून कंपनीला नाव ठेवू नका. हा आकडा गर्दीने फारसा हलत नाही. शिवाय तेव्हा झाडं दाट आणि ओली असतात. तेव्हा जे घरात पोचतं ते मे महिन्यात पोचतंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वीज. जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. टॉवर जागेवर उभे होते आणि फोन बंद. टॉवरची बॅटरी काही तासांची, पुढे जनरेटर असला तर डिझेल, आणि रस्त्यावर झाड आडवं असेल तर डिझेल पोचणार कसं? एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्या असतात, त्यामुळे दोन सिमं घेतलीत आणि दोन्ही एकाच टॉवरवरची निघाली, तर नेमक्या वेळी दोन्ही एकदम जातात. सरकारच्या तरंग संचार या संकेतस्थळावर नकाशात आपल्या भागातले टॉवर आणि त्यावरच्या कंपन्या दिसतात. दुसरं सिम वेगळ्या टॉवरचं निवडा.

हापूस_१९८४

ऑनलाइन रेंज बूस्टर मिळतात की. छपरावर अँटेना लावली की झालं. इतका खटाटोप कशाला?

टॉवरवाले_काका

नको. विनापरवाना बूस्टर लावणं बेकायदेशीर आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, तो भलत्या लहरी टॉवरकडे फेकतो आणि आजूबाजूच्या सगळ्यांचे कॉल तुटतात. एका घरातला असा डबा शोधायला आम्ही दोन दिवस वाड्या पालथ्या घातल्या आहेत.

रिचार्जवाला

मी मोबाईलच्या दुकानात बसतो, पोर्टिंगचं, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याचं सांगतो. डोंबिवलीचं सिम म्हणजे मुंबई सर्कल, फोन कंपन्यांचा मुंबई विभाग. राजापूर महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतं. नंबर तोच राहतो, पण सर्कल बदलतं म्हणून तीनऐवजी पाच कामाचे दिवस धरा.

त्याच सिमवरून १९०० ला मेसेज करायचा: इंग्रजीत मोठ्या अक्षरांत पोर्ट, एक जागा सोडून दहा आकडी नंबर. आठ अक्षरांचा कोड येतो आणि तो चारच दिवस चालतो. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मागवू नका. सिम आईंच्या नावावर आहे, तेव्हा आधार घेऊन दुकानात त्यांनाच यावं लागेल. जुन्या सिममधला बॅलन्स जातो. सिम नुकतंच बदलून घेतलं असेल तर सात दिवस कोड मिळत नाही.

आणि नेट नको असेल तर नेटवाला पॅक गळ्यात मारून घेऊ नका. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या डिसेंबर २०२४ च्या नियमाने फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक प्रत्येक कंपनीला ठेवावे लागतात. दुकानात तो आपणहून सांगत नाहीत, नाव घेऊन मागा.

तुळशीपाशी_रेंज

सगळ्यांचे मनापासून आभार. गणपतीला घरी जाऊन आले, सांगितल्याप्रमाणे सगळं केलं, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्याच रात्री आरती झाल्यावर खळ्यात उभी राहिले. सड्याच्या बाजूला काही नाही. पऱ्यापलीकडच्या डोंगरावर, फणसाच्या दोन फांद्यांच्या मधून, लाल दिवा. इतकी वर्षं तो तिथे आहे आणि आमच्यापैकी कोणाचंही त्याकडे लक्ष गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चुलत भावंडांचे चार कंपन्यांचे चार फोन गोळा केले आणि भाच्याने कालनिर्णयच्या मागे आकडे लिहिले. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी. वाडीत सगळे ज्याचं नाव घेतात त्या सिमला ओटीवर उणे १०४ आणि माजघरात उणे ११७. एकानेही ज्याचं नाव सुचवलं नव्हतं त्याला माजघरात उणे ९७, पडवीत उणे १०१. आईच्या जुन्या सिमला दोन्हीकडे ‘सेवा नाही’. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण सड्यावरच्या वाडीत माझ्या मावशीकडे हेच आकडे बरोबर उलटे आले. माझं वाचून कोणी तिथे सिम बदललं तर त्यांचं नुकसान होईल.

मग मी पडवीत गेले. आई जिथे पडली होती तिथेच, मोरीच्या कडेला, जमिनीवर आडवी झाले, फोन तसाच कमरेजवळ धरला आणि ओटीवरच्या भावाला लावला. लागला. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “उठ गो आता, लादी ओली हाय.” मला थोडा वेळ उठता आलं नाही.

गौरी आल्या त्या दिवशी दुपारी वीज गेली ती रात्री साडेआठला आली. समोरचा टॉवर चालू राहिला, दर तासाला फोन लावून बघत होते. सड्यावरचा संध्याकाळी बंद पडला. तरंग संचारच्या नकाशातही दोघांच्या जागा वेगळ्या आहेत. म्हणून मुख्य नंबर समोरच्या टॉवरच्या कंपनीत पोर्ट केला आणि नवीन फोरजी बटणांच्या फोनमध्ये दुसरं सिम सड्यावरच्या टॉवरचं घातलं. ते ओटीवर चालतं, आत नाही, पण असू दे.

कोड मागवायचा मेसेज तुळशीपाशी उभं राहूनच गेला, घरातून जाईना. मंगळवारी आईला घेऊन राजापूरला गेले, आधार दाखवलं, अंगठा दिला. सुट्ट्या धरून आठव्या दिवशी नंबर सुरू झाला. बदलाच्या वेळी काही तास दोन्हीकडून बंद होता, तेव्हा वहिनींना घरी बसवून ठेवलं होतं. पॅक फक्त कॉलचा, नाव घेऊन मागितला.

फोनमध्ये दोनचं बटण दाबून धरलं की मला लागतो, तीनचं धरलं की वहिनींना. आईने दोन्ही वीस-वीस वेळा करून बघितलं. चार्जर ओटीवरून काढून माजघरात खाटेपाशी लावून दिला. परवा संध्याकाळी तिने आतूनच फोन केला, मागे देवाजवळची घंटा ऐकू येत होती.

टॉवरवाले काका, एक शंका राहिली. पडवीच्या बाजूला नारळाची तीन रोपं लावलीत, नेमकी लाल दिव्याच्या दिशेला. वाढली की आडवी येतील का? आताच हलवता येतील.

टॉवरवाले_काका

दोन-तीन माडांनी काही बिघडत नाही ताई, राहू देत. दाट रान किंवा बांबूचं बेट त्या दिशेला होऊ देऊ नका. आणि पुढच्या जुलैत, भर पावसात, भाच्याला सांगून माजघरातला आकडा पुन्हा घ्या आणि इथे टाका.