‘घरचे’ ग्रुप : आपल्या बॅप्टिस्ट चर्चच्या वार्षिक सभेत पोरांचं मत

आत्या (ऐरोली): सलाम सगळ्यांना. कालची उपासना छान झाली पण तरुण संघाच्या पोरांनी आपल्या विश्वासाची साक्ष द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या दोन रांगा सोडल्या तर सगळे चहाकडे पळाले. स्टेजवरून पोरांना प्रोत्साहन द्या म्हणून बोलायचं आणि पोरं बोलायला उभी राहिली की समोसे. मला तर लाज वाटली बाई

काका (दाद्याचे बाबा): अगं उकाडा केवढा होता. आणि साडेबाराला हॉल रिकामा करून द्यावा लागतो, नंतर तेलुगू मंडळीची, म्हणजे तेलुगू चर्चची, उपासना असते

दाद्या: उकाडा होणारच ना बाबा, दोन पंखे बंद आहेत, आम्ही कधीचं सांगतोय

काका: शाळेचा हॉल आहे तो, पंखे आपण कसे दुरुस्त करणार

बाबा (माझे): मूळ मुद्दा असा की पोरं येत नाहीत. पूर्वी शनिवारच्या तरुण सभेला बसायला जागा नसायची. आता क्लास, मोबाइल, क्रिकेट. विश्वासच कमी झालाय

छोटी: मामा आम्ही येतो. आम्हाला खुर्च्या लावायला बोलावतात आणि खुर्च्या उचलायला बोलावतात, मधल्या वेळात काय करायचं ते कोणी सांगत नाही

आत्या: छोटे नीट बोल

मी: आत्या बोलू दे तिला, खरंय ते. मी संडे स्कूल घेते म्हणून मला दिसतं, दहा-बारा वर्षांची असतात तोपर्यंत पोरं नुसती उड्या मारत येतात, पाठांतर, नाटक, नाताळचा कार्यक्रम सगळ्यात पुढे, मग बाप्तिस्मा होतो, फोटो, केक, बायबल भेट आणि त्यानंतर एकदम काहीच नाही. म्हणजे जेव्हा तो पोरगा स्वतःच्या तोंडाने सगळ्या मंडळीसमोर म्हणतो की हो मी विश्वास ठेवतो, तेव्हापासून आपण त्याला विचारणंच बंद करतो, साउंड लाव, प्रोजेक्टर लाव, पाहुण्यांना स्टेशनवरून घेऊन ये, बस

काकू: मला एक सांगा, तुमच्याकडे पोरं एवढी मोठी होईपर्यंत बाप्तिस्मा का थांबवतात? मला इतकी वर्षं झाली या घरात पण नीट कोणी सांगितलं नाही. आमच्या वसईला बाळ महिन्या-दोन महिन्यांचं झालं की बाप्तिस्मा, मग मोठेपणी कन्फर्मेशन. आणि माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणी मला अजून विचारतात की तुमचं चर्च म्हणजे तलावपाळीजवळचं का

दाद्या: हाहा आई ते सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च, ते कॅथलिक आहे. ठाण्यात प्रत्येकाला हेच वाटतं

आजोबा: सूनबाई मी सांगतो. बॅप्टिस्ट लोकांत बाळाचा बाप्तिस्मा नाही. बाळाला देवाला अर्पण करतात, पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, हातात घेऊन प्रार्थना करतात, तेवढंच. बाप्तिस्मा ज्याने त्याने स्वतः मागायचा, समजून उमजून, आणि मग पाण्यात पूर्ण बुडवून. आईबापाचा विश्वास पोराच्या नावावर जमा होत नाही. आणि दुसरं, आपल्यात वर बिशप नाही. प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण बघते, सभासदांची सभा बसते, पाळक कोण ठेवायचा तेसुद्धा सभा ठरवते

काकू: म्हणजे सोसायटीच्या एजीएमसारखं

आजोबा: तसंच समज, फक्त भांडणं थोडी कमी

काका: कुठे कमी दादा

मी: आजोबा थँक्यू, मला नेमकं तेच म्हणायचं होतं. बाप्तिस्मा घेतला की सभासद आणि सभासद म्हणजे सभेत मत. मग गेल्या वार्षिक सभेत पंचविशीच्या आतला एक तरी आवाज ऐकू आला का? पोरं बाहेर जेवणाच्या प्लेटा लावत होती. सोळाव्या वर्षी सार्वकालिक जीवनाचा निर्णय घेण्याइतका तो शहाणा आणि बाविसाव्या वर्षी साउंड मिक्सरच्या कपाटाची चावी ठेवण्याइतका शहाणा नाही, हे मला झेपत नाही

दाद्या: चावीचा विषय काढलास ताई 

दाद्या: त्या स्टीलच्या कपाटात मिक्सर, दोन माइक, कीबोर्ड आणि एक फाटलेली केबल आहे. त्याची चावी माझ्या बाबांकडे. बाबा डोंबिवलीला लग्नाला गेले की त्या शनिवारी आम्ही बिनमाइकचे. घरातच चावी आहे तरी मला मिळत नाही, बाकीच्या पोरांनी काय करायचं

काका: मी खजिनदार आहे, वस्तू हरवली तर सभेला हिशोब मला द्यावा लागतो, तुला नाही

आत्या: मी बायबलमधलं एक वचन टाकते सगळ्यांसाठी, १ तीमथ्य ४:१२, तरुण आहेस म्हणून तुला कोणी कमी लेखू नये असं पौल सांगतो. रोज सकाळी वाचा

छोटी: आई हे वचन मला वाढदिवसाला तीन जणांनी पाठवलंय, मोठ्यांना पाठव ना, कमी लेखतात ते

बाबा: हाहा. बरं पण एक बाजू माझीही ऐका. अनुभव लागतो. इमारत निधीचा विषय, भाडेकरार, धर्मादाय आयुक्तांकडचे कागद, हे विशीतल्या पोरांचं काम नाही

आजोबा: अनुभव लागतो हे खरं. पण विल्यम केरी पंचविशीत पाळकांच्या सभेत उभा राहून बोलायला लागला तेव्हा त्यालाही एका ज्येष्ठाने पोरा खाली बस म्हणून गप्प केलं असं सांगतात. पेशाने चांभार होता, जोडे शिवता शिवता भाषा शिकायचा. १७९२ ला त्याने आणि त्याच्या मित्रांनी इंग्लंडात बॅप्टिस्ट मिशन सोसायटी काढली, १७९३ ला बंगालात उतरला. आणि आपल्या मराठीचं व्याकरण १८०५ ला छापलं, १८१० ला कोश, १८११ ला बायबलचा नवा करार, तोही मोडी टाइपात, कारण तेव्हा आपली माणसं रोजचं मोडीतच लिहायची. श्रीरामपूरला बसून, म्हणजे बंगालातलं श्रीरामपूर, नगरचं नव्हे. वैजनाथ नावाचे मराठी पंडित होते मदतीला, त्यांचं नाव आपण कोणी घेत नाही. १८१२ ला छापखान्याला आग लागली, टाइप आणि हस्तलिखितं जळाली, परत सगळं उभं केलं

दाद्या: आजोबा हे संडे स्कूलमध्ये कधी सांगितलं नाही कोणी, चांभार एवढंच सांगितलं

मी: आणि बाबा मार्टिन ल्युथर किंग पण बॅप्टिस्ट पाळकच होता की, बापही पाळक. अमेरिकेतल्या माँटगोमेरीच्या मंडळीने २५ वर्षांच्या पोराला पाळक म्हणून बोलावलं १९५४ ला, पुढच्या वर्षी काळ्या लोकांचा बसवर बहिष्कार सुरू झाला तेव्हा तो २६ चा, गावात नवा, आणि ३८१ दिवस ते आंदोलन चाललं. ती मंडळी म्हणाली असती की आधी दहा वर्षं खुर्च्या लाव मग बघू तर? १९५९ ला मुंबईत आला तेव्हा गांधीजी राहायचे त्या मणिभवनात राहिला होता, आपल्या तरुण संघाची सहल दरवेळी इमॅजिकालाच का जाते तिथे का नाही हा एक वेगळाच विषय

छोटी: इमॅजिका राहू दे ताई प्लीज, मणिभवन पण करू

ताई (खारघर): आत्ता नाइट ड्यूटी संपवून वाचतेय सगळं. केरी आणि किंग झाले, आता छोटीचं काय ते बोला. बारावी झाली, पुढे काय? मंडळीत आठ-दहा पोरं अशीच आहेत, कोणाला काय फॉर्म भरायचा माहीत नाही आणि रविवारी आपण म्हणतो देव मार्ग दाखवील. दाखवील, पण सीईटी सेलची तारीख देव व्हॉट्सॲपवर टाकणार नाही. मला नर्सिंगचं कोणी सांगितलं होतं? शेजारच्या शिंदे काकूंनी, चर्चमधल्या कोणी नाही

आत्या: छोटीला डॉक्टर व्हायचंय, वेल्लोरच्या मेडिकल कॉलेजला चर्चमार्फत सीट मिळते ना?

ताई (खारघर): आत्या अर्धवट ऐकलंयस. सीएमसी वेल्लोरला त्यांच्याशी जोडलेल्या चर्च आणि मिशनच्या मार्फत स्पॉन्सरशिप असते पण नीटची प्रवेश परीक्षा द्यावीच लागते, तिथे कुणाचा वशिला नाही, आणि शिकून झालं की मिशन हॉस्पिटलात ठरलेली वर्षं सेवा द्यायची असते, ते आवडत असेल तरच जा. आपली मंडळी त्यांच्या यादीतल्या कुठल्या संस्थेत येते का हे पाळकांना या आठवड्यात विचारा, जूनमध्ये नाही. आणि बीएस्सी नर्सिंगला आता महाराष्ट्रात वेगळी सीईटी आहे, ती पण भरून ठेव छोटे, बॅकअप म्हणून नाही, चांगलं काम आहे ते

बाबा: आयटीआय पण लोक विसरतात. दोन वर्षांचा आयटीआय केला की डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. माझ्या कंपनीत फिटर मिळत नाहीत आणि आपली पोरं बीकॉम करून कॉल सेंटरला

काका: विमानतळावर भरती आहे असा मेसेज आलाय, पाठवू का? फक्त नोंदणी फी भरायची आहे

दाद्या: बाबा नको. फी मागितली की फसवणूक. मागच्या महिन्यात घणसोलीच्या एका पोराचे पैसे गेले असेच

ताई (खारघर): अजून एक, सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी बोललं जाणारं. जातीचे कागद. चर्चमध्ये जात नको म्हणून आपण तो विषयच काढत नाही, ते बरोबरच आहे, पण ॲडमिशनच्या वेळी पोरांचं नुकसान होतं. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्यांना एससीच्या सवलती नाहीत, पण अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेले महाराष्ट्रात ओबीसीत येतात. त्याला जात प्रमाणपत्र, व्हॅलिडिटी म्हणजे जात पडताळणी, नॉन क्रिमीलेयर सगळं लागतं आणि पुरावा १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा मागतात. दहावीतच कामाला लागलं पाहिजे, निकालानंतर सेतू केंद्रावरची रांग बघितली आहे का

आजोबा: माझा शाळा सोडल्याचा दाखला १९५८ चा आहे. ट्रंकेत. एक कोपरा उंदराने खाल्लाय पण शिक्का शाबूत

ताई (खारघर): आजोबा सोनं आहे ते. शाळेतून दुसरी प्रतही मिळते रजिस्टरवरून, अर्ज करूया

मी: तर हे बघा, माझं म्हणणं असं की तरुण सभा शनिवारी संध्याकाळी आहेच, त्यातला पहिला एक तास हेच करायचं, फॉर्म, कागद, कुठला कोर्स, ज्याला जे माहीत आहे त्याने सांगायचं, आणि चालवायचं पोरांनीच. दाद्या आणि अजून दोघं. आपण मोठे फक्त बोलावलं तर जायचं. पैसे लागतील ते बजेटमध्ये तरुण संघाच्या नावाने वेगळे ठेवायचे आणि खर्च त्यांनी करून हिशोब त्यांनीच वार्षिक सभेत उभं राहून वाचायचा

काकू: माझ्या सोसायटीतली दोन मुलं पाठवू का? ती आपल्यातली नाहीत पण फॉर्मचं त्यांनाही कळत नाही

बाबा: तिथे जरा सांभाळून. उद्या कोणी म्हणेल धर्मांतर चाललंय

आजोबा: मग प्रार्थना दुसऱ्या तासाला ठेवा आणि पहिल्या तासाला कोणाला काही विचारू नका. आंध्रातल्या ओंगोलला क्लाऊ नावाचा बॅप्टिस्ट मिशनरी होता, आपल्या तेलुगू बांधवांना विचारा, त्यांना पाठ आहे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात त्याने बकिंगहॅम कालव्याच्या साडेतीन मैलांचं कंत्राट घेतलं, का तर उपाशी माणसाला काम आणि मजुरी मिळावी. त्या काळात लोक बाप्तिस्मा मागत होते तरी त्याने थांबवला, म्हणाला पोटासाठी नको. दुष्काळ ओसरल्यावर, १८७८ च्या जुलैत एका दिवसात २२२२ लोकांचा झाला. त्याने घाई केली नाही, आपण कशाला करायची

मी: आजोबा हे पाळकांनाही सांगा, यंदा ‘बॅचमधल्या सगळ्यांनी’ बाप्तिस्मा घ्या म्हणून मागे लागलेत. छोटीच्या वर्गातला एक पोरगा मला म्हणाला ताई मला अजून प्रश्न आहेत, मी म्हटलं मग थांब. तो दर रविवारी येतो, बाप्तिस्मा झालेली निम्मी येत नाहीत

आत्या: अगं पण लवकर झालेला बरा

मी: आत्या तुझा कितव्या वर्षी झाला?

आत्या: तेवीस. तुझ्या आजोबांनी विचारलं सुद्धा नव्हतं तोवर

काका: बरं आता मी बोलतो. घटना काढून बघितली मंडळीची. कलम असं आहे की बाप्तिस्मा झालेला सभासद सभेत बोलू शकतो, मताला १८ पूर्ण पाहिजे. म्हणजे दाद्या आणि त्याचे मित्र मत देऊ शकतात, आजपर्यंत कोणी दिलं नाही कारण कोणी आत बसलंच नाही. छोटी बोलू शकते. समितीत पण १८ पूर्ण, बाकी अट नाही

दाद्या: म्हणजे मी समितीला उभा राहू शकतो??

काका: राहू शकतोस. निवडून येशील असं म्हटलं नाही मी

बाबा: प्लेटा कोण लावणार मग

छोटी: मामा तुम्ही

काकू: मी आणि हे लावू, मला तसंही सभेत मत नाही, मी अजून कॅथलिकच आहे

काका: चावीचं पण सांगतो. डुप्लिकेट करून देतो पण रजिस्टर ठेवायचं, काय काढलं काय ठेवलं, सही कोणाची. आणि ती फाटकी केबल फेकून द्या

दाद्या: रजिस्टर गूगल शीटवर चालेल?

काका: वहीत. मला शीट उघडत नाही

मी: चालेल वहीत. या शनिवारी पाच वाजता, ताई तू ड्यूटी बघून ये, नर्सिंगचं तूच सांग. बाबा आयटीआयचं. ज्यांची दहावी-बारावी आहे त्यांनी आधार, रेशनकार्ड, मार्कशीट आणि घरातला जुन्यात जुना शाळेचा दाखला आणायचा

आत्या: आमच्या ह्यांच्या वडिलांचा दाखला सापडला, १९६१ चा. अगदी जीर्ण झालाय, उद्या लॅमिनेट करून आणते

ताई (खारघर): आत्या नको!! लॅमिनेट अजिबात करू नकोस, तसाच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आण, पडताळणीला मूळ कागद हातात घेऊन बघतात