ब्लॅक ड्रॅगन आग ओकत नाही राव!

डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळातल्या राक्षसांच्या नावाने घरी बिअर बनवायचा, आणि त्यातल्या ‘ब्लॅक ड्रॅगन’ इम्पीरियल स्टाउटमध्ये (काळी, कडक बिअर) चिपोटले (धुरावलेली) मिरची घालायचा तुझा बेत वाचला, नाव झकास, पण खेळातला ब्लॅक ड्रॅगन अ‍ॅसिड ओकतो, आग रेड ड्रॅगनची! म्हणजे मिरची लाल बार्लीवाइनमध्ये (तीही कडक बिअरच) जाऊ दे आणि स्टाउट जरा आंबट कर, नाहीतर गेमच्या टेबलावरचा एखादा नियमवाला डोकं खाणारच. आणि मिरची थेट फर्मेंटरमध्ये (बिअर आंबवायच्या भांड्यात) नको, एवढं अल्कोहोल तिखट भराभर ओढून घेतं, मग ते काढता येत नाही. वोडकात भिजवून ठेव, बॉटलिंगच्या दिवशी थोडं थोडं घालत चाखत जा.

बाकी १.१०० घनतेला (पाण्याची १.०००) सुरुवात करणार असशील तर २० लिटरला यीस्टचं एक पाकीट पुरत नाही, दोन तरी टाक, वर्ट (न आंबवलेलं माल्टचं गोड पाणी) थंड झाल्यावर ऑक्सिजन दे, पहिले काही दिवस १८ डिग्रीच्या आसपास सांभाळ, आणि एअरलॉकऐवजी (वायू बाहेर सोडणारी छोटी झडप) जाड नळी लाव, फेस असला उसळतो की झाकण उडतं. आंबताना घनता १.०२५ ला अडकली तरी अल्कोहोल साडेनऊ टक्क्यांच्या वर गेलंच की.

बिहोल्डरच्या (त्याच खेळातला डोळेवाला राक्षस) डोळ्यांच्या दहा देठांना दहा हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) ही आयडिया मात्र भारीच. मधला मोठा डोळा जादू बंद पाडतो ना, तिथे नुसता कडू मॅग्नम हॉप घाल :)