अर्ध्या तासाने ओव्हरड्राइव्ह (चौथा गिअर) सुटतो, गिअरबॉक्स तापतो. आधी काय बघू?

चौथा गिअर:
जुना पिकअप, 4-स्पीड ऑटोमॅटिक. गाडी थंड असताना चारही गिअर लोण्यासारखे पडतात. हायवेला 90 च्या वेगाने पूर्वी 1,900 आरपीएम असायचे, हल्ली 2,200 दिसतात. गिअरबॉक्सच्या ऑइल पॅनमध्ये मी तापमानाचा सेन्सर बसवलाय, तो अर्ध्या तासात 118 अंश सेल्सिअसवर जातो. मग चौथा सुटून गाडी तिसऱ्यावर येते आणि ओडी ऑफचा (ओव्हरड्राइव्ह बंद) दिवा लुकलुकायला लागतो. तासभर उभी केली की पुन्हा शहाण्यासारखी चालते.

गिअरबॉक्सचं ऑइल, फिल्टर बदलून झालं. जुनं ऑइल काळपट, जरा करपट वासाचं. मॅग्नेटवर राखाडी चिखल होता, पण धातूचे तुकडे नाहीत. जादा कूलरही लावला, फरक जेमतेम 6 अंश. एक मेकॅनिक म्हणाला, गिअरबॉक्स खोलावा लागेल. त्याने डिपस्टिकसुद्धा ओढून पाहिली नाही, म्हणून इथे विचारतोय.

तेलकट हात:
जादा कूलर रेडिएटरमधल्या कूलरच्या नंतर जोडलाय ना? मग फ्लो मोजा. रिटर्न लाइन (कूलरमधून गिअरबॉक्सकडे परत येणारी) सोडून डब्यात धरा, इंजिन आयडलला ठेवा. 20 सेकंदांत साधारण लीटरभर ऑइल यायला हवं. लगेच इंजिन बंद करा, पंप कोरडा चालवू नका. धार बारीक असेल तर लाइन किंवा कूलर चोंदलाय. ऑइल गुलाबी दुधासारखं दिसलं तर त्यात कूलंट शिरलंय, मग गाडी हलवूच नका. आणि पातळी ऑइल गरम असताना, इंजिन चालू ठेवून बघा. जास्त भरलं तरी फेस होतो आणि तापतं, हे बरेच जण विसरतात.

जुना गडी:
कूलरने 6 च अंश उतरले म्हणताय, तर मला ऑइल थंड होण्यापेक्षा ते इतकं तापतंय कशाने याची जास्त काळजी वाटते. 300 आरपीएम जास्त म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक-अप लागत नसावा. तो लागला की इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र बांधले जातात. नाही लागला तर आत ऑइल घुसळत राहतं आणि तापतं. मग गाडीचा कॉम्प्युटर चौथा काढून घेतो. म्हणजे तुमच्या दोन तक्रारी नाहीत, एकच आहे.

सपाट, मोकळ्या रस्त्यावर चौथ्यात 80 ला एक्सलरेटर स्थिर ठेवा आणि डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा. आरपीएम उसळून परत खाली आले तर लॉक-अप लागतोय. सुई ढिम्म राहिली तर तो मुळात लागलेलाच नव्हता.

जाता जाता, क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप स्थिर ठेवणारा) चालतो का?

चौथा गिअर:
सुई ढिम्म! आणि क्रूझ दोनेक महिने सेटच होत नाही. फारसा वापरत नाही म्हणून सोडून दिलं होतं. त्याचा इथे काय संबंध?

जुना गडी:
ब्रेक पेडलचा स्विच! पाय ब्रेकवर आहे असं कॉम्प्युटरला वाटलं की तो लॉक-अपही सोडतो आणि क्रूझही. मागचे दिवे बरोबर लागतात म्हणून स्विच ठीक, असं समजू नका. बऱ्याच स्विचांत दोन वेगळी सर्किट असतात.

तेलकट हात:
हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. तरी दिवा लुकलुकतोय म्हणजे कॉम्प्युटरमध्ये बिघाडाचा कोड साठलाय, तो आधी वाचून घ्या. बॅटरी काढलीत तर पुसला जाईल. लॉक-अपचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) किंवा त्याची वायरसुद्धा असू शकते.

चौथा गिअर:
कोड लॉक-अपचाच निघाला. मग टॉर्च तोंडात धरून डॅशबोर्डखाली उताणा शिरलो. पेडलच्या दांड्यावरचा रबरी ठोकळा झिजून पापड झालाय. स्विचची पिन दोन-तीन मिलिमीटर बाहेरच राहत होती. दिवे लागायला तेवढं पुरत नव्हतं, लॉक-अप तोडायला मात्र पुरत होतं. नवा ठोकळा घातला, स्विच सरकवून बसवला.

काल दीड तास चालवली. 90 ला 1,900, ऑइल 86 अंशांवर, चौथा एकदाही सुटला नाही. क्रूझही सेट झाला. एवढं तापलेलं ऑइल मात्र पुन्हा बदलतोय. जादा कूलर राहू दे, तो लावताना कोपर सोललंय.